हळदणकर आणि वेंकटप्पा : दोन समकालीन वास्तवदर्शी चित्रकार
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



बंगळुरात मराठी माणूस व्याख्यानास उभा राहिला की त्याने शहाजीराजांच्या जहागिरीपासून आरंभ करावयाचा, असा एक अलिखित संकेत आहे. तो इतिहास आपणा सर्वांस मुखोद्गत असल्यामुळे आज आम्ही त्यास दुरूनच वंदन करतो आणि आपल्याला एका चित्रापाशी घेऊन जातो. हे चित्र आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले आहे. पाहुणे आले की आपण त्यांना म्हैसूरला नेतो. राजवाडा, चामुंडीची टेकडी, वृंदावन उद्यान हा क्रम ठरलेला असतो. आणि ज्यांना चित्रांची थोडी आवड आहे ते वाट वाकडी करून जगन्मोहन राजवाड्यातील कलासंग्रहालयात शिरतात. तेथे एक तरुणी हातात दिवा घेऊन उभी आहे. ज्योतीपुढे तिने हाताचा आडोसा धरला आहे, बोटांच्या कडांतून लालसर उजेड झिरपतो आहे, आणि तोच उजेड मुखावर, साडीच्या चुण्यांवर आणि मागच्या भिंतीवर आपापल्या परीने मंदावत गेला आहे. या चित्रापुढे मनुष्य बोलता बोलता थांबतो.

परंतु घरी परतल्यावर तो काय सांगतो? “रविवर्म्याचे ते दिव्याचे चित्र काय सुंदर आहे!” हे वाक्य आम्ही कन्नडिगांच्या तोंडून ऐकले आहे, तमिळ स्नेह्यांच्या तोंडून ऐकले आहे, आणि सांगावयास खेद वाटतो, मराठी मंडळींच्या तोंडून तर सर्वांत अधिक ऐकले आहे. राजा रविवर्मा १९०६ साली निवर्तले. हे चित्र त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी, १९४५-४६च्या सुमारास रंगविले गेले. ते तैलरंगांत नसून जलरंगांत आहे. चित्रकाराचे नाव सावळाराम लक्ष्मण हळदणकर. राहणार मुंबई, जन्म सावंतवाडीचा. दिवा घेऊन उभी राहिलेली तरुणी म्हणजे त्यांची स्वतःची कन्या. त्याच संग्रहालयात रविवर्म्यांची चित्रे असल्याने हा घोटाळा होणे स्वाभाविक आहे, असे कोणी म्हणेल. असेल, परंतु इतकी वर्षे तो घोटाळा सुखाने नांदावा, हे काही स्वाभाविक नव्हे.

आता दुसरीकडे वळू. आपल्या बंगळुरात कस्तुरबा रस्त्यावर, सरकारी वस्तुसंग्रहालयाच्या शेजारी, एक चित्रदालन आहे. त्याच्यावर के. वेंकटप्पा हे नाव आहे. हे नाव रिक्षावाल्यालाही ठाऊक असते. परंतु वेंकटप्पांचे एखादे चित्र डोळ्यांपुढे आणा असे म्हटले, तर आपल्यापैकी किती जणांच्या डोळ्यांपुढे काही उभे राहील? हळदणकरांचे चित्र घरोघर पोहोचले आणि नाव पुसले गेले. वेंकटप्पांचे नाव इमारतीवर कोरले गेले आणि चित्रे लोकांच्या मनात उतरलीच नाहीत. हे दोघे समकालीन होते. हळदणकर १८८२ सालचे, वेंकटप्पा त्यांच्याहून चार-पाच वर्षांनी लहान. वेंकटप्पांचा मृत्यू १९६५चा, हळदणकरांचा १९६८चा. दोघेही जलरंगांचे उपासक. दोघांची चित्रे एकमेकांपासून दीडशे किलोमीटरांच्या आत आहेत. या दोघांना एका दालनात समोरासमोर मांडावे, असे आम्हांस फार दिवस वाटत आले आहे, आणि ते का वाटते हेच आजच्या भाषणाचे प्रयोजन होय.

दोघांच्या घडणीविषयी प्रथम थोडे सांगितले पाहिजे. सावंतवाडी आणि म्हैसूर ही दोन्ही संस्थाने. दोन्ही ठिकाणी चित्रकला ही बाजारातून आलेली वस्तू नसून गल्लीत राबणारा धंदा होता. सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि लाखेचे काम आपण जाणताच. तेथील गंजिफा प्रसिद्ध आहेत, आणि गंजिफांचा शौक म्हैसूरच्या राजवाड्यातही थोडाथोडका नव्हता. तिसऱ्या कृष्णराज वडियारांनी त्या खेळाचे अनेक नवे प्रकार रचले. वेंकटप्पा तर म्हैसूरच्या दरबारी चित्रकारांच्या घराण्यातच जन्मले. रंग कुटणे, सोन्याचा वर्ख बसविणे, रेषा ओढणे हे त्यांना वारशाने मिळाले. हळदणकरांना असा वारसा नव्हता. त्यांच्या हाताचे कसब गावातच ओळखले गेले आणि १९०३ साली ते मुंबईस सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. वेंकटप्पा म्हैसूर दरबारच्या आश्रयाने १९०९ साली कलकत्त्यास गेले.

मुंबई आणि कलकत्ता! त्या काळी या दोन गावांच्या कलाशाळांत जे वैचारिक वैर होते, त्याची कल्पना आज करणे कठीण आहे. मुंबईत सेसिल बर्न्स प्राचार्य होते. तेथे समोर बसलेल्या माणसाचे हाड, मांस आणि त्यावरील छायाप्रकाश जसाच्या तसा उतरविणे हा पहिला धडा. कलकत्त्यास ई. बी. हॅवेल यांनी शाळेच्या संग्रहातील पाश्चात्य चित्रे दूर सारून मोगल लघुचित्रे आणविली होती, आणि अवनींद्रनाथ ठाकुरांच्या सभोवती नंदलाल बसूंसारखे शिष्य जमले होते. त्या मंडळींच्या लेखी मुंबईची पद्धत ही परक्यांची नक्कल. मुंबईकरांच्या लेखी कलकत्त्याची चित्रे म्हणजे धुक्यात हरवलेली हाडे नसलेली माणसे. वर्तमानपत्रांतून, मासिकांतून हा वाद वर्षानुवर्षे चालला. त्यात स्वदेशीचा अभिमान होता तसा थोडा आकसही होता, असे आमचे मत आहे.

आणि येथेच वेंकटप्पांची गोष्ट मोठी विलक्षण होते. अवनींद्रनाथांच्या अगदी जवळच्या शिष्यांपैकी ते एक. भगिनी निवेदिता आणि आनंद कुमारस्वामी यांच्या हिंदू व बौद्ध पुराणकथांच्या प्रसिद्ध ग्रंथात त्यांची चित्रे आहेत. रामायण-महाभारतातले प्रसंग, नाजूक रेषा, मंद रंग, सगळे गुरुपरंपरेला धरून. असा हा शिष्य म्हैसूरला परतला आणि काही वर्षांतच, १९२०च्या दशकात, निलगिरीत जाऊन उटीचे डोंगर जसे दिसतात तसे रंगवू लागला. पुराण नाही, नायिका नाही, रूपक नाही. ढग, उतार, झाडांची रांग, तळ्याचे पाणी. पुढे कोडाईकनालचीही अशीच चित्रे झाली. ज्या वास्तवदर्शनाला कलकत्त्यात नाके मुरडली जात, त्याच वास्तवदर्शनाकडे हा मनुष्य कलकत्त्याचीच साधने घेऊन स्वतःच्या पायांनी गेला. त्याला कोणी मुंबईचा शिक्षक भेटला नव्हता. समोर डोंगर होता, तेवढे पुरले.

जलरंगाविषयी येथे चार शब्द बोलणे भाग आहे, कारण त्यावाचून पुढचा मुद्दा स्पष्ट होणार नाही. तैलरंगात चित्रकार गडदातून उजेडाकडे जातो; अखेरीस पांढऱ्या रंगाचा एक ठिपका दिला की डोळा चमकतो. चुकले तर खरवडावे, वर दुसरा थर द्यावा. पारदर्शक जलरंगात ही सोय नाही. तेथे उजेड म्हणजे कागद. जेथे सर्वांत अधिक प्रकाश हवा तेथे कुंचला फिरवावयाचाच नाही. आणि कोठे फिरवावयाचा नाही हे पहिला हात देण्यापूर्वी ठरलेले असले पाहिजे. एकदा झाकलेला कागद पुन्हा तसा पांढरा होत नाही. गृहिणींना आम्ही असे सांगू की, तैलरंग ही आमटी आहे, पाणी घालून, मीठ घालून सावरता येते. जलरंग हा पाक आहे, एक तार चुकली की गेला.

आता ते दिव्याचे चित्र पुन्हा आठवावे. अंधार्‍या खोलीत एकच ज्योत, तीही हाताआड. म्हणजे जवळजवळ सगळा कागद झाकावयाचा आणि उजेडाची थोडीशी जागा राखावयाची. शिवाय तो उजेड बोटांतून लाल होऊन येतो, मुखावर पिवळसर पडतो आणि वस्त्रावर तिसराच होतो, हे सगळे थर एकावर एक पारदर्शक राखून साधावयाचे. हळदणकर तेव्हा साठी ओलांडलेले होते. १९२५ साली त्यांच्या ‘मोहमेडन पिलग्रिम’ या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळालेले होते. त्यांना कोणाला काही सिद्ध करून दाखवावयाचे उरले नव्हते. तरीही त्यांनी हा विषय या माध्यमात घेतला. तैलरंगात तो निम्म्या श्रमात झाला असता.

चित्राचे ‘ग्लो ऑफ होप’ हे नाव मात्र आम्हांस तितकेसे रुचत नाही. चित्रात आशा शोधावयाची काही गरज नाही. मुलगी दिवा घेऊन चालली आहे आणि तो विझू नये म्हणून हात धरला आहे, इतकेच आहे आणि इतके पुष्कळ आहे. आपल्या घरांतून दिवेलागणीला हे दृश्य रोज घडत असे.

“अगदी फोटोसारखे!” ही अशा चित्रांना मिळणारी नेहमीची शाबासकी. आमच्या मते वास्तवदर्शी चित्रकाराची याहून मोठी अवहेलना नाही. अशा प्रसंगी छायाचित्रकाराची काय अडचण होते ते त्यालाच विचारावे. ज्योतीचे माप घेऊन छायाचित्र काढले तर भोवतालची खोली काळीठिक्कर पडते. खोलीचे माप घेतले तर ज्योतीच्या जागी नुसता पांढरा डाग उरतो. मनुष्याचा डोळा तसा एकदाच उघडून मिटत नाही. तो ज्योतीवर जातो, तेथून मुखावर येतो, सावलीत जरा रेंगाळतो आणि प्रत्येक ठिकाणी स्वतःला नव्याने जुळवून घेतो. हळदणकरांनी हे फिरणारे पाहणे एका कागदावर एकत्र केले. जे दिसते ते काढले, असे आपण म्हणतो खरे. परंतु “दिसते” या क्रियापदात किती वेळ सामावलेला असतो, हे अशा चित्रापुढे कळते.

वेंकटप्पांच्या बाबतीत हा वेळ आणखी लांबतो. डोंगर हलत नाही, पण त्यावरचा उजेड पळापळाला हलतो. उटीस ज्यांनी एखादी सकाळ काढली आहे त्यांना ठाऊक आहे की धुके उठणे, ऊन पडणे आणि पुन्हा ढग येणे हे तासाभरात तीनदा घडते. यांतला नेमका एक क्षण धरावयाचा तर चित्रकाराने तो क्षण पुन्हा येईपर्यंत थांबले पाहिजे. वेंकटप्पांपाशी थांबण्याची शक्ती अमाप होती. त्यांच्या रोजनिशा उपलब्ध आहेत; अत्यंत शिस्तीचा, काटेकोर, स्वतःलाही सूट न देणारा मनुष्य त्यांतून दिसतो. हस्तिदंताच्या लहानशा तुकड्यावर व्यक्तिचित्रे रंगविण्याचे कामही त्यांनी केले. वीणावादन ते शेषण्णांसारख्या थोर वैणिकाकडे शिकले आणि त्या छंदापायी चित्रकलाही काही काळ मागे पडली. ‘मॅड आफ्टर वीणा’ या चित्रात त्यांनी स्वतःच या वेडाची कबुली देऊन ठेवली आहे. विवाह केला नाही. चंद्रप्रकाशातील उटीचे त्यांचे चित्र आहे, ते आम्ही दिव्याच्या चित्रासमोरच लावू. चांदण्यात डोळ्याला रंग जवळजवळ दिसतच नाही. निळा-करडा असा एक भास असतो. त्या भासाला न फुगविता, त्यात कविता न कालविता, जितके दिसते तितकेच मांडण्यासाठी जो संयम लागतो तो हाच. एका भिंतीवर हाताच्या आडोशातली ज्योत आणि दुसऱ्या भिंतीवर डोंगरावरचे चांदणे. मुंबईचा आणि कलकत्त्याचा वाद त्या दोन भिंतींमध्ये उभे राहिलेल्या माणसाला आठवेल असे वाटत नाही.

फरक मात्र तेथेच स्पष्ट दिसू लागेल. हळदणकरांच्या चित्रांत माणूस असतो. यात्रेकरू असो, म्हातारा असो, स्वतःची मुलगी असो, उजेड माणसावर पडला म्हणजे त्यांना तो खरा वाटतो. वेंकटप्पांच्या उटीत मनुष्य शोधून सापडणे कठीण. हे दोघांच्या आयुष्यांशीही जुळते. हळदणकरांनी १९०८ साली मुंबईत स्वतःची चित्रशाळा काढली; दादरची ती संस्था पिढ्यान् पिढ्या चित्रकलेच्या परीक्षांना विद्यार्थी बसवीत आली. १९१८ साली आर्ट सोसायटी ऑफ इंडिया स्थापन करणाऱ्यांत ते होते. चारचौघांत वावरणारा, शिकविणारा, संस्था उभारणारा, चित्र विकून मोकळा होणारा असा हा मनुष्य. वेंकटप्पा याच्या उलट. म्हैसूरच्या अंबाविलास राजवाड्यासाठी त्यांनी प्लास्टरची उठावशिल्पे केली. ती आम्हांस त्यांच्या जलरंगांइतकी भावत नाहीत, हे प्रांजळपणे सांगतो. हात कसलेला आहे, पण डोंगरापुढे जो मोकळेपणा होता तो तेथे आखडला आहे. १९४० साली चौथे कृष्णराज वडियार निवर्तले. राजवाड्यातील कामाच्या मोबदल्याचा तंटा न्यायालयापर्यंत गेला, आणि वेंकटप्पा म्हैसूर सोडून बंगळुरास येऊन राहिले. आपली चित्रे विखुरली जाऊ नयेत, त्यांना एकत्र स्वतंत्र जागा मिळावी, हा ध्यास त्यांनी अखेरपर्यंत धरला. दालन उभे राहिले ते त्यांच्या मृत्यूनंतर.

म्हणजे एकाने सोडून दिले आणि दुसऱ्याने जपून ठेवले. जो सोडून देतो त्याचे चित्र दिनदर्शिकांवर, दुकानांतल्या भिंतींवर, नकलाकारांच्या हाती जाते आणि वाटेत नाव गळून पडते. जो जपतो त्याचे नाव टिकते, पण चित्राला वाट सापडत नाही. यांतले कोणते बरे, याचा निवाडा आम्ही करीत नाही. वेंकटप्पांच्या नावाला या गावात धनी आहेत, एवढे मात्र निश्चित. २०१६ साली ते दालन खासगी संस्थेकडे चालविण्यास देण्याचे घाटत होते तेव्हा येथील चित्रकार मंडळी एकत्र येऊन रस्त्यावर उभी राहिली. म्हैसूरच्या त्या चित्राला रविवर्म्याचे म्हणणाऱ्या माणसाला निदान जागच्या जागी थांबवावे, इतके तरी आपण मराठी मंडळींनी केले आहे काय?

येथे कोणी म्हणेल की हा प्रांताभिमानाचा प्रश्न झाला. आमच्या मनात तसे नाही. चित्रकलेत मुंबई आणि कर्नाटक यांच्यामधली वाट कधी बंद नव्हती. १९५६ पर्यंत धारवाड, बेळगाव, विजापूर, कारवार हे जिल्हे मुंबई राज्यात होते. तेथील मुलांनी एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या मुंबईच्याच परीक्षा दिल्या. धारवाडला चित्रशाळा काढणारे हलभावी जे. जे.चे विद्यार्थी. बेळगावच्या के. बी. कुलकर्ण्यांच्या हाताखाली रवी परांजपे तयार झाले आणि पुढे पुण्याचे झाले. उडुपीजवळच्या कट्टिंगेरीचे कृष्ण हेब्बार मुंबईस शिकले, तेथेच जे. जे.त शिकवू लागले, मुंबईकर झाले. आणि त्यांनी दिलेल्या चित्रांना जागा मिळाली ती कोठे, तर वेंकटप्पा दालनातच. हेब्बार मुंबईहून तेथे येऊ शकले तर हळदणकर म्हैसूरहून चार दिवसांसाठी का येऊ नयेत, इतकेच आमचे म्हणणे.

मंडळाच्या कार्यकारिणीपुढे आम्ही ही सूचना ठेवली आहे आणि काही सभासदांनी व्यवहाराचे प्रश्न विचारले आहेत. ते योग्यच आहेत. मूळ चित्रे संग्रहालयाबाहेर निघणे सोपे नाही. कागदावरील जलरंग उजेडाने विटतात; त्यांच्यावर पन्नास लक्सपेक्षा अधिक प्रकाश पडू नये असा आजच्या संग्रहालयशास्त्राचा दंडक आहे, आणि आपल्या सभागृहातील नळीदिवे पाहता ही गोष्ट विनोदाची वाटेल. विमा, पेटारे, दोन्हीकडील अधिकाऱ्यांच्या अनुमती, हे सारे मंडळाच्या ऐपतीबाहेरचे आहे. म्हणून आमची सूचना अशी की, मूळ चित्रांचा हट्ट धरू नये. दोन्ही संग्रहांच्या परवानगीने उत्तम प्रतिकृती कराव्यात. त्या मूळ आकाराच्याच असाव्यात, कारण लहान चित्र मोठे करून दाखविले की त्याचा संयम नाहीसा होतो. हळदणकरांची पाच आणि वेंकटप्पांची पाच पुरेत. सभागृहाच्या खिडक्यांना पडदे लावावेत. कन्नड आणि मराठी जाणणाऱ्या दोन मुलामुलींनी दाराशी उभे राहावे. आणि प्रदर्शन उठल्यावर दुसऱ्या रविवारी एक बस कस्तुरबा रस्त्याला आणि एक म्हैसूरला न्यावी, म्हणजे प्रतिकृती पाहिलेल्यांना मूळ चित्र पाहता येईल.

प्रत्येक चित्राखाली मराठी, कन्नड व इंग्रजी अशा तीन भाषांत चित्रकाराचे पूर्ण नाव, जन्मगाव आणि माध्यम असावे. दिव्याच्या चित्राखालची पाटी आम्ही लिहूनही आणली आहे, ती कार्यवाहांच्या स्वाधीन करतो : “सावळाराम लक्ष्मण हळदणकर, सावंतवाडी. कागदावर जलरंग.” कन्नड मजकूर सभासदांपैकीच कोणी करून द्यावा, मात्र हळदणकर या आडनावातला ळ तेथे ल होऊ देऊ नये, कारण कन्नडात ळ आहे.